सात नंबरचा पिंजरा

मित्रांनो, तुम्ही मला कुठे तरी नक्की पाहिलं असेल. एखाद्या सकाळी जुन्नरच्या रस्त्याने पिकअप गाडी जाते. तिच्यावर हिरवी जाळी टाकलेली असते आणि मागे मोटरसायकलींची रांग असते. त्या जाळीखाली जे लांबट, लोखंडी असतं, तो मी. बिबट्या धरायचा पिंजरा. माझ्या दारावर पांढऱ्या रंगात सात आकडा काढला होता, म्हणून सगळे मला सात नंबर म्हणत.

आता तो आकडा नीट वाचता येत नाही. माझी खालची चौकट गंजली आहे आणि दार अर्ध्यावर येऊन अडकतं. बिबट्यांच्या निवारा केंद्रामागे, कुंपणाच्या भिंतीला टेकवून मला ठेवलं आहे. घोसाळ्याचा एक वेल माझ्या गजांतून वर चढला आहे आणि त्याला यंदा पिवळी फुलंही आली. इथे कुणी फिरकत नाही. म्हणून वाटलं, तुम्हाला सगळं सांगून टाकावं.

माझा जन्म जुन्नरमध्ये शौकतभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. शौकतभाई खिडक्यांच्या जाळ्या करत, गोठ्यांची फाटकं करत, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून देत. बिबट्याचा पिंजरा त्यांनी आधी कधी केला नव्हता. वनखात्याच्या माणसांनी कागदावर आकृती काढून दिली. पुढे वरून पडणारं दार, मध्ये लांब जागा, मागे शेळीसाठी वेगळा कप्पा. दोन्हींच्या मध्ये दुहेरी जाळी, म्हणजे बिबट्याला शेळी दिसेल, तिचा वास येईल, पण तिला पंजा लागणार नाही.

शौकतभाईंची आई नूरबी दुकानाच्या दारात बसून चिंचा फोडत असे. मी तयार झालो तेव्हा ती उठली, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि मुलाला म्हणाली, बाहेरून छान झालाय, पण आतून हात फिरवून बघितलास का? शौकतभाईंनी आत हात घालून फिरवला. वेल्डिंगची बारीक टोकं त्यांच्या बोटांना लागली. नूरबी म्हणाली, आत येणारा जीव घाबरलेला असणार, तो अंग घासणारच. मग शौकतभाईंनी पुढचा सगळा दिवस ग्राइंडर घेऊन माझी आतली बाजू घासली. माझे गज आतून गुळगुळीत झाले. मला त्याचा फार अभिमान होता.

माझं काम तसं साधं. मला उसाच्या कडेला ठेवत. अंगावर उसाचं पाचट आणि वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, टाकून झाकत. मागच्या कप्प्यात शेळी बांधत, तिला पाला आणि पाणी ठेवत. बिबट्या शेळीच्या वासाने आत शिरला, की त्याचा पाय एका लोखंडी पाटावर पडे. पाट दबला की वरची खिटी सुटे आणि दार खाली येई. बस्स. यात मला काही ठरवावं लागत नसे. कोण आलं, कशाला आलं, हे पाटाला कळत नाही. त्याला फक्त वजन कळतं.

माझा पहिला बिबट्या पिंपरी पेंढारच्या शिवारात आला. तरणा नर होता, डाव्या कानाचा तुकडा गेलेला. त्याने आठ दिवसांत तीन शेळ्या आणि एक वासरू नेलं होतं. सकाळी गाव गोळा झालं. बायकांनी माझ्या चौकटीला हळदीकुंकू लावलं, कुणी तरी झेंडूची माळ आणली, नारळ फोडला. एका म्हातारबाबांनी माझ्या गजावर थाप मारून म्हटलं, की गड्यानं काम चोख केलं. आयुष्यात एवढं कौतुक माझं पुन्हा झालं नाही. आत तो तरणा बिबट्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. त्याची छाती भराभर खालीवर होत होती, आणि ती थरथर माझ्या तळाला लागत होती. पण मी तेव्हा माळेकडेच जास्त पाहत होतो. खरं ते सांगितलं पाहिजे.

त्या बिबट्याला डिंभे धरणाच्या वरच्या रानात सोडलं. तिथे डोंगर आहे, झाडी आहे. मला वाटलं, चला, तो त्याच्या घरी गेला. दीड महिन्याने पिंपरी पेंढारच्याच दुसऱ्या बांधावर माझं दार पडलं. आत तोच होता. डाव्या कानाचा तुकडा गेलेला. पायांचे तळवे सोललेले होते. एवढं अंतर तो चालत आला होता.

त्या दिवशी वृषाली माझ्याजवळ उभी होती. वृषाली म्हणजे वनरक्षक. ती मूळची डिंभ्याचीच. तिचे वडील धरणात मासे धरत. वयाने लहान, पण ठसे वाचण्यात तिचा हात कुणी धरत नसे. गावकरी तिला म्हणाले, की एवढं रान देऊनही हा परत आलाच कसा. तेव्हा तिने सांगितलं, की धरणं झाली, पाणी आलं, ऊस झाला, आणि उसात बिबटे जन्मू लागले. याची आईसुद्धा उसातच जन्मलेली असेल. आपण ज्याला रान म्हणतो ते याने पाहिलेलंच नाही. याचं घर हेच आहे. आणि याला उचलून नेलं, तरी रिकाम्या जागेवर दुसरा येतोच. लोकांनी ऐकून घेतलं. पण ज्याची शेळी गेली होती, त्याच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. त्याची शेळी तर गेलीच होती.

अशी माझी वर्षं गेली. मी एकूण तेरा बिबटे धरले. मित्रांनो, त्यातल्या बाराव्याची गोष्ट मला सांगायची आहे. बारावी, म्हणायला हवं. ती मादी होती.

बोरी बुद्रुकच्या शिवारात कुंडलिक नावाचे एक शेतकरी राहतात. वय साठीच्या पुढे. त्यांची बायको सरूबाई. दोघांची वस्ती गावापासून थोडी लांब, चारी बाजूंनी ऊस. एका दुपारी चारच्या सुमारास सरूबाई गाईसाठी घास कापायला वाफ्यात बसल्या होत्या. बसलेला, वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, असं वृषाली नेहमी सांगे. घासाला लागूनच उसाची कड होती. सरूबाईंनी एकदाच हाक मारली, असं कुंडलिक सांगतात. ते गोठ्यात होते. ते पोहोचेपर्यंत वाफ्यात फक्त विळा आणि अर्धा भारा होता. त्यांचा पुतण्या गोरख दहाबारा जणांना घेऊन उसात शिरला. त्यानेच चुलतीला दोन्ही हातांवर उचलून बाहेर आणलं.

दुसऱ्या दिवशी लोकांनी रस्ता अडवला. त्यांचा राग मला कळत होता. बिबट्याने मान धरू नये म्हणून शाळेतल्या मुली गळ्यात खिळे लावलेले पट्टे घालून जात होत्या. बाया शेतात एकट्या बसत नव्हत्या. मग त्या शिवारात पाच पिंजरे लागले. मी कुंडलिकांच्याच बांधावर आलो. माझ्या मागच्या कप्प्यात जी शेळी बांधली, ती सरूबाईंच्या हातची होती. कुंडलिकांनी ती स्वतः आणली. तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि परत गेले.

सरूबाई गेल्याच्या अकराव्या दिवशी, तांबडं फुटत असताना, माझं दार पडलं.

ती आत आली तेव्हा घाईत नव्हती, पण फार भुकेलेली होती. दार पडल्याबरोबर तिने चारदा धडक मारली. मग थांबली आणि उसाकडे तोंड करून उभी राहिली. बहुतेक बिबटे आत सापडले, की जमलेल्या माणसांकडे बघून गुरगुरतात. हिने माणसं आल्यावरही तिकडे पाहिलं नाही.

उजाडेपर्यंत दोनतीनशे लोक जमले. झाडांवर, ट्रॅक्टरवर, गोठ्याच्या पत्र्यावर माणसं चढली. सगळ्यांचे मोबाईल वर. वृषाली गर्दीतून वाट काढत आली, माझ्यापुढे उकिडवी बसली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग तिने हातातल्या वहीतला एक कागद काढला. सरूबाईंच्या वाफ्यात जो ठसा मिळाला होता, त्याचं माप त्यावर होतं. तो ठसा मोठ्या नराचा होता. आत उभी होती ती लहान अंगाची मादी, आणि तिचे सड दुधाने भरलेले होते.

तेवढ्यात पलीकडच्या शेतातून निरोप आला. चिमाजींच्या उसाला तोड चालू होती. तोडणी करणाऱ्यांना तिसऱ्या सरीत दोन पिल्लं सापडली होती. डोळे नुकते उघडलेले. त्यांनी ती टोमॅटोच्या प्लॅस्टिकच्या कॅरेटमध्ये ठेवली होती आणि तोड थांबवली होती.

माझ्यापासून ते शेत दीडशे पावलांवर होतं. पिल्लांचा आवाज माणसांना ऐकू येत नव्हता. तिला येत होता. ती खालच्या आवाजात उत्तर देत होती. गुरगुरणं नव्हतं ते. करवत हळूहळू ओढावी तसा आवाज, थांबून थांबून. माझ्या प्रत्येक गजात तो उतरत होता.

अशा वेळी काय करायचं, ते वनखात्याच्या माणसांना चांगलं ठाऊक आहे. पिल्लं जिथे सापडली तिथेच कॅरेट ठेवायचं, माणसांनी लांब व्हायचं आणि दिवस मावळताना आईला वाट मोकळी ठेवायची. ती येते, एकेक पिल्लू तोंडात धरते आणि घेऊन जाते. वृषालीने स्वतः असं कितीदा तरी घडवून आणलं होतं. पण त्या प्रत्येक वेळी आई मोकळीच होती. ती उसात कुठे तरी असायची आणि अंधार पडताच आपोआप यायची. या वेळी ती माझ्यात होती, आणि माझ्याभोवती गाव होतं.

गोरख सगळ्यांच्या पुढे होता. तो म्हणत होता, की हिला इथेच गोळी घाला, नाही तर आम्ही गाडी हलू देणार नाही. मी त्याला वाईट म्हणणार नाही. चुलतीला उचलून आणताना त्याचा सदरा भिजला होता. ते त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

वृषालीने साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, की एवढ्या गर्दीत दार उघडलं तर माणूस दगावेल, नाही तर जनावर. तेही खरंच होतं. आधी लोक मागे हटले पाहिजेत. आणि लोक फक्त एका माणसाचं ऐकणार होते.

कुंडलिक दुपारी आले. कालच दहावा झाला होता. डोक्यावरचे केस काढलेले होते. गर्दीने त्यांना वाट दिली. ते माझ्यासमोर येऊन जमिनीवर बसले. एवढा वेळ उसाकडे बघणाऱ्या त्या मादीने तोंड वळवलं. दोघांमध्ये फक्त माझे गज होते.

वृषाली त्यांच्या शेजारी बसली. हळू आवाजात म्हणाली, "आबा, ही ती न्हाई. ठसा नराचा व्हता. हिची पिल्लं चिमाजींच्या उसात हायेत. सांजच्याला हिला सोडली, तर त्यांना घेऊन निघून जाईल. तुमी एक शब्द बोला. लोकं मागं सरतील."

मादीची ती करवतीसारखी हाक कुंडलिकांनाही आता ऐकू येत असावी. त्यांनी एकदा चिमाजींच्या शेताकडे पाहिलं.

"ताई, तू खोटं बोलनार न्हाईस," ते म्हणाले. "पर मी सोडा म्हनलो, आन उद्या कुनाचं लेकरू गेलं, तर त्याच्या आईला मी काय सांगू?"

वृषालीने ठशाचा कागद घडी घालून वहीत ठेवला.

"मारा असं बी मी म्हननार न्हाई," कुंडलिक म्हणाले. "मला यातलं काईच बोलता येनार न्हाई." आणि ते उठून घराकडे गेले.

मित्रांनो, माझं दार उघडायची साखळी माझ्याच डोक्यावर असते. ती ओढायला एक हात पुरतो. मला हात नाहीत. मी त्या दिवशी जन्मभराचं सगळं लोखंड एकवटून इच्छा केली. पण लोखंडाच्या इच्छेने काय होतं?

दिवस मावळायच्या आतच आम्हाला तिथून काढायचं ठरलं. गोळी घालू दिली नाही, एवढंच वृषालीला साधलं. पोलिसांनी लोकांना बाजूला केलं, मला उचलून पिकअपमध्ये चढवलं. पिल्लांना तिथे ठेवून उपयोग नव्हता, कारण न्यायला कुणी येणार नव्हतं. वृषालीने कॅरेट मांडीवर घेतलं आणि ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली.

ती मादी आता वेडी झाली. आधी पिल्लं दीडशे पावलांवर होती. आता ती तीन हातांवर होती, एका पत्र्याच्या पलीकडे. पिल्लं भुकेने ओरडत होती. तिने माझे गज दातांत धरले. शौकतभाईंनी दिवसभर घासून गुळगुळीत केलेले गज. अंगाला खरचटू नये म्हणून ते घासले होते. दातांचा विचार कुणी केला नव्हता. रस्त्यावर गतिरोधक आला, गाडी उसळली, आणि तिचा वरचा सुळा माझ्या गजावर मोडला. तो आवाज बारीक होता. गाडीत कुणाला ऐकूही गेला नसेल. त्यानंतर ती हाक मारायची थांबली.

निवारा केंद्रात डॉक्टरांनी तिला भूल देऊन तपासलं. एक सुळा मुळातून गेला होता, दुसऱ्याचं टोक उडालं होतं. अशा तोंडाने तिला शिकार धरता येणार नाही, म्हणून पुन्हा सोडता येणार नाही, असं ते म्हणाले. एक पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं. दुसऱ्याला बाटलीने दूध पाजून वाचवलं आणि जरा सावधपणे तिच्याजवळ सोडलं. आधी ती त्याच्यावर फिस्कारली. मग हुंगलं. मग त्याला चाटायला लागली, ती चाटतच राहिली.

त्या आठवड्यात मी तिच्या आवाराच्या दाराशीच उभा होतो. तिला आत एक झाड होतं, लाकडी मचाण होतं, पाण्याची कुंडी होती. ती कशावरच बसायची नाही, कुंपणाच्या कडेने फेऱ्या घालायची. एके दिवशी केंद्रातल्या साळुबाईंनी जवळच्या शेतातून उसाच्या वाढ्यांचा भारा मागून आणला आणि आवाराच्या कोपऱ्यात पसरला. मादी लांबून बघत राहिली. साळुबाई बाहेर गेल्यावर तिने पिल्लाला मानेला धरलं, त्या वाढ्यांत शिरली आणि अंगाचं वेटोळं करून झोपली. तिथे आल्यापासून ती पहिल्यांदाच झोपली होती. साळुबाई कुंपणापाशी उभ्या राहून पदराने तोंड पुसत होत्या.

सव्वा महिन्याने तपासणीचा कागद आला. सरूबाईंच्या कपड्यांवरून घेतलेल्या नमुन्यात नराचे अंश निघाले. सरूबाईंना मारलं ते तिने नव्हतं, आणि तो नर अजून मोकळाच होता. मला पुन्हा पिकअपमध्ये घालून बोरीला नेलं, आणि वृषाली कुंडलिकांना सांगायला गेली. ते गाईची धार काढत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चरवी खाली ठेवली. मग विचारलं, "तिची पिल्लं?"

"एक गेलं, आबा. एक हाय. तिच्याजवळच हाय."

"ती सुटनार का?"

"न्हाई."

कुंडलिक गाडीपर्यंत आले आणि माझ्याकडे बघू लागले. मोडलेल्या सुळ्याने माझ्या एका गजावर ओरखडा पडला होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. म्हणाले, "आता ह्यात जे येईल, ते त्योच आसंल कशावरून?"

"सांगता येत न्हाई," वृषाली म्हणाली.

"मग कशाला लावती?"

तिने उसाकडे पाहिलं. उसावरून वारा गेला तेव्हा त्या पलीकडच्या शेतात खुरपणाऱ्या बायका चटकन उठून उभ्या राहिल्या, आणि कुणीच नाही असं बघून पुन्हा बसल्या. कुंडलिकांनी ते पाहिलं. "लाव," ते म्हणाले. "दुसरं काय हाय तुझ्याजवळ, आन माझ्याजवळ तरी?"

मी त्या बांधावर बावीस दिवस उभा होतो. मुंगसं आली आणि पाट न दाबता गेली. एक चुकार कुत्रं अडकलं. तो नर आला नाही. त्याचं पुढे काय झालं, ते मला माहीत नाही. त्यानंतर दुसऱ्या गावात मी तेरावा बिबट्या धरला आणि त्याच्या धडकेत माझी चौकट वाकली. आता हलके, नवे पिंजरे आले आहेत. पुष्कळ आले आहेत. माझी कुणाला गरज उरली नाही.

मित्रांनो, उसाच्या कडेला एकटे वाकून बसू नका. बोलत राहा, दोघं तिघं मिळून काम करा. गोठ्याला पक्कं दार लावायला घरी सांगा. सरीत पिल्लं दिसली तर उचलू नका, फोटो काढत बसू नका, मोठ्यांना सांगा आणि लांब व्हा. आई जवळच असते. आणि गावात बिबट्या सापडला असं कानावर आलं, तर तिकडे धावू नका. त्या दुपारी तीनशे माणसं आपापल्या घरी असती, तर कुंडलिकांना काहीच बोलावं लागलं नसतं. दिवस मावळताना वृषालीने माझी साखळी ओढली असती.

मी चांगला पिंजरा होतो. इतक्या वर्षांत माझं दार एकदाही चुकलं नाही. त्या एका सकाळी मात्र ते चुकायला हवं होतं.